परत येणारी ओळ

कविता वाचताना एखादी ओळ हातून निसटली तर वाचक डोळे मागे नेतो, ती ओळ पुन्हा वाचतो, हवे तर पुस्तक मिटून तिच्यावर विचार करत बसतो. गाणे ऐकणाऱ्याला ही मोकळीक नसते. गाणे आपल्या लयीने पुढे जात राहते, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले तर गेलेला शब्द गेलाच. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, म्हणून गाणे स्वतःच मागे येते. ध्रुवपद म्हणा, मुखडा म्हणा, पालुपद म्हणा. ती परत येणारी ओळ ऐकणाऱ्याच्या याच अडचणीला दिलेले उत्तर आहे असे मला वाटते.

गेली सतरा वर्षे मी गाणी लिहिते आहे. त्यांतली थोडी लोकांपर्यंत पोहोचली, बरीच वहीतच राहिली, पण या काळात माझे एक मत पक्के होत गेले. गाणे नुसते चांगले आहे की थोर आहे, हे त्या परत येणाऱ्या ओळीवरून ठरते. एकही अक्षर न बदलता ती ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा तिचा अर्थ किंचित सरकलेला असला पाहिजे, तिसऱ्यांदा येते तेव्हा तिच्यात आधी न दिसलेले काहीतरी उघडे पडले पाहिजे, आणि शेवटच्या वेळी ती ऐकताना, ही ओळ आपण सुरुवातीला इतक्या सहज कशी ऐकून घेतली असा प्रश्न पडला पाहिजे. चाल, शब्द, यमक, वाद्यमेळ हे सारे या एका कामासाठी राबत असते.

हे मला कळायला वेळ लागला. माझ्या सुरुवातीच्या एका गाण्यात सोळा ओळी होत्या आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत एक नवी प्रतिमा होती. ढग, आरसा, वाळूवरची पावले, विझत आलेली समई, असे बरेच काही त्यात होते आणि मी त्यावर महिनाभर खपले होते. ध्रुवपदाकडे मात्र मी दोन अंतऱ्यांमधला विसावा म्हणून पाहिले होते. गाणे झाल्यावर एका श्रोत्याने मनापासून सांगितले, "शब्द फार सुंदर होते." मी विचारले, "कोणते आवडले?" त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले, पण त्यांना एकही ओळ आठवेना. त्यांच्या स्मरणशक्तीचा तो दोष नव्हता. मी त्यांना सोळा वस्तू दाखवल्या होत्या आणि एकही हातात दिली नव्हती.

पुनरावृत्तीत काय सामर्थ्य असते, याचे एक उदाहरण संगीताच्या मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. संशोधक डायना डॉइच 1995 मध्ये स्वतःच्या आवाजातले निवेदन तपासत होत्या आणि त्यातला एक छोटा तुकडा यंत्रावर पुन:पुन्हा वाजत राहिला. काही वेळाने त्यांना तो तुकडा बोलल्यासारखा ऐकू येईना, गायल्यासारखा ऐकू येऊ लागला. ध्वनी तसूभरही बदललेला नव्हता; बदलले होते ते ऐकणे. पहिल्यांदा ऐकताना आपण शब्दांतून अर्थ काढून घेतो आणि ध्वनी सोडून देतो. तेच शब्द परत आले की अर्थ हाताशी असतोच, मग कान त्यांच्या चढउताराकडे, लांबीकडे, अक्षरांमधल्या अंतराकडे वळतो. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते, कारण ध्रुवपद लिहिणारा माणूस याच बदलावर विसंबून असतो. मात्र यात एक धोकाही आहे. नुसत्या पुनरावृत्तीने ओळ कानात अडकते, आणि कानात अडकलेली ओळ थोर असतेच असे नाही. जाहिरातीच्या ओळीही कानात अडकतात. परत येताना ओळीने नवे काही आणले नाही, तर ऐकणारा तिला कंटाळतो किंवा निदान तिच्यामागचे ऐकणे सोडून देतो.

कॅनडाचे गायक-गीतकार लेनर्ड कोहेन यांचे 1984 मधले "हालेलुया" हे गाणे या बाबतीत मला फार शिकवून गेले. त्याच्या ध्रुवपदात एकच शब्द आहे आणि तो चार वेळा येतो. ईश्वराची स्तुती करा, एवढाच त्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ. कोहेन यांनी या गाण्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त कडवी लिहिली होती. पुढे 1991 मध्ये वेल्श संगीतकार जॉन केल यांनी ते गायले तेव्हा त्यांनी त्यांतली वेगळी कडवी निवडली, आणि त्याबरोबर गाण्याचा रंग बदलला. प्रार्थनेचा शब्द कधी शरीराच्या ओढीचा झाला, कधी पराभवाचा, कधी नुसत्या थकव्याचा. कडवी बदलली तरी ध्रुवपदाला काही बदलावे लागले नाही. ते आधीपासूनच एवढे रुंद होते की त्यात ही सगळी माणसे मावली. चांगल्या ध्रुवपदाची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे: या ओळीत किती वेगवेगळी माणसे उभी राहू शकतात?

आता माझ्याच एका गाण्याविषयी जरा तपशिलाने लिहिते, कारण ते सध्या माझ्या वहीत उघडे पडलेले आहे आणि त्याच्या प्रत्येक अक्षराशी झालेली झटापट मला आठवते. त्याचे ध्रुवपद असे आहे:

दार लोटून घे, कडी लावू नको

रोजच्या बोलण्यातले वाक्य आहे. रात्री झोपायला जाताना घरातले कोणीतरी दुसऱ्या कोणाला हे सांगते आणि त्यात काव्य आहे असे कोणाला वाटत नाही. मला ते सुचले तेव्हाही फार काही वाटले नाही. दोन दिवसांनी ते पुन्हा आठवले, आणि मग लक्षात आले की हे वाक्य कोण बोलते आणि कोणाला बोलते यावर त्याचा सगळा अर्थ अवलंबून आहे. घरातले एक माणूस अजून परतायचे आहे म्हणून कोणी हे म्हणेल. घर सोडून निघालेल्या माणसालाही कोणी हेच म्हणेल, आणि तेव्हा त्याचा अर्थ "परत ये" असा होईल, तो शब्द न उच्चारता. तिसराही एक प्रसंग मला दिसत होता, त्याकडे नंतर येते. एका ओळीत तीन माणसे उभी राहत होती, म्हणजे गाणे करण्याजोगे काहीतरी हाती लागले होते.

अडचण आली ती कडीपाशी. ओळीचा पहिला अर्धा भाग मोजला तर दा-र-लो-टू-न-घे, म्हणजे दोन, एक, दोन, दोन, एक, दोन, अशा दहा मात्रा. गालगा, गालगा, म्हणजे लांब (गुरू) अक्षराला "गा" आणि आखूड (लघू) अक्षराला "ल". हा आकार दहा मात्रांच्या झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन अशा विभागांत नैसर्गिकपणे बसतो, म्हणून माझ्या संगीतकार मित्राने झपतालच धरला. दुसऱ्या भागाच्याही मात्रा दहाच भरतात, पण त्याची सुरुवात "कडी" या शब्दाने होते आणि तिथे लघू आधी, गुरू नंतर. त्यामुळे तालाच्या दुसऱ्या आवर्तनाची, म्हणजे दुसऱ्या फेरीची सम, म्हणजे तालातली सगळ्यात वजनदार जागा, नेमकी "क" या एवढ्याशा अक्षरावर येत होती, आणि तिसऱ्या मात्रेवरची टाळी, म्हणजे पुढच्या विभागाचा ठोका, "डी"च्या पोटात पडत होती. गाताना शब्द तुटत होता. "क" एकीकडे आणि "डी" दुसरीकडे.

मी सोपा उपाय केला. "कडी" काढली आणि तिथे "फक्त" घातले: दार लोटून घे, फक्त लावू नको. आता चारही गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, गालगा झाले, छंदशास्त्रात ज्याला स्रग्विणी म्हणतात ते वृत्त बिनचूक साधले, आणि ओळ तालावर अगदी सपाट, गुळगुळीत बसली. मी ती आनंदाने मित्राला म्हणून दाखवली. तो ऐकून गप्प बसला आणि मग म्हणाला, "अगं, पण दार कुठे गेलं?" दार तर ओळीच्या सुरुवातीलाच होते. तरी त्याला काय म्हणायचे आहे ते मला कळले. कडी होती तोवर त्या दाराला लोखंड होते, आवाज होता, रात्री ती सरकवताना होणारा खट्कन आवाज टाळण्याची काळजी होती. "फक्त" हा भरीचा शब्द आल्याबरोबर दाराचे चित्र झाले. तो म्हणाला, "कडी सोडू नकोस. तिला जागा मी करून देतो."

त्याने केले ते इतके साधे होते की मला आजही त्याचे नवल वाटते. "घे"ला आपण दोन मात्रा देत होतो, त्याने त्या अक्षराची एक मात्रा काढून घेतली आणि रिकाम्या झालेल्या दहाव्या मात्रेवर "क" ठेवला. त्यामुळे "डी" बरोबर समेवर आली. "ला" तिसऱ्या मात्रेच्या टाळीवर पडले, खालीची, म्हणजे टाळी नसलेल्या सहाव्या मात्रेची जागा "वू"च्या लांबणीतून आवाज न करता निघून गेली, "न" सातव्यावर टेकला, आणि "को" आठव्या मात्रेच्या टाळीवर सुरू होऊन तीन मात्रा मोकळेपणाने उभे राहिले. "कडी" हा शब्द आपण बोलताना वजन "डी"वरच देतो, "क" तोंडातून नुसता निसटतो. तालाने आता तेच केले. शिवाय "घे" आखूड झाल्याने मधला श्वास गेला, आणि दोन तुकड्यांची ओळ एका दमात सांगितलेले एक वाक्य झाली, जसे ते दाराशी उभे राहून सांगितले जाते. मी वृत्त शुद्ध करायला निघाले होते. त्याने वृत्ताला बोलण्याच्या बाजूने अर्ध्या पावलाने सरकवले.

गाण्याच्या कारागिरीत मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. शब्द बोलताना जिथे जड असतो तिथे चालीतही जड पडला, बोलताना जिथे आवाज उतरतो तिथे चालही उतरली, की ऐकणाऱ्याला हे शब्द याच चालीत जन्मले असे वाटते. याउलट एखाद्या ऱ्हस्व अक्षरावर लांब तान आली, किंवा शब्दाच्या मध्यभागी श्वास घ्यावा लागला, की ऐकणाऱ्याला नेमके काय खटकले हे सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास थोडा कमी होतो. आणि ध्रुवपदात असा दोष असला तर तो चार-सहा वेळा परत येतो.

अक्षरांचा विचार निघालाच आहे तर स्वरांविषयीही सांगायला हवे, कारण लिहिणारे लोक याकडे फार दुर्लक्ष करतात. मी स्वतः पहिली काही वर्षे केले. कागदावर सुंदर दिसणारी ओळ गळ्यात शिरते तेव्हा तिचे काय होते, हे गाणाऱ्यालाच विचारावे लागते. आमच्यासोबत गाणाऱ्या ताई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत. त्यांनी एकदा माझ्या एका ओळीच्या शेवटावर बोट ठेवून म्हटले, "तुम्ही इथे 'जवळ' लिहिलंय, पण 'ळ' मला धरून ठेवता येत नाही." आ आणि ओ हे स्वर तोंड उघडे ठेवतात, त्यांवर सूर हवा तेवढा लांबवता येतो. ई वरच्या सुरांत आवळून येते. व्यंजनावर संपणारा शब्द लांबवायचा तर त्याच्या आधीचा स्वर ओढावा लागतो आणि व्यंजन अगदी शेवटी अलगद सोडावे लागते. मराठीत हे फार घडते, कारण आपण लिहितो "दार" आणि बोलतो "दार्". गाण्यात तो लपलेला अकार कधी बाहेर काढावा लागतो, कधी लपलेलाच ठेवावा लागतो. माझ्या ध्रुवपदाचा शेवट "नको" असा ओकारान्त आहे ही खरे तर नशिबाची गोष्ट. समेवरच्या "डी"ची ई मात्र अडचणीची ठरली असती, म्हणून ती चालीत मुद्दाम खालच्या सुरावर ठेवलेली आहे.

यमकाबद्दल मी थोडक्यातच लिहीन. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आले, गेले, झाले, राहिले अशी यमके हवी तितकी मिळतात आणि म्हणूनच ती हलकी पडतात. त्यांतून सुटण्यासाठी नाम ओळीच्या शेवटी आणले की वाक्याची नैसर्गिक मांडणी मोडते आणि मज, तुज, नच असे शब्द मदतीला बोलवावे लागतात. हे शब्द एकेकाळी जिवंत होते आणि त्या काळच्या गाण्यांत ते शोभतात. मी आज ते वापरते तेव्हा मात्र मला एखाद्या मात्रेची भर घालायची असते, दुसरे काही नाही. यमक चुकले तरी चालेल, पण माणूस जे वाक्य कधी बोलणार नाही ते ध्रुवपदाजवळ नको, असे मी आता ठरवले आहे.

याच गाण्याच्या पहिल्या अंतऱ्यात तो प्रश्न समोर आला. ओळ होती:

एक पाऊल वाटेत आहे अजून

गालगाच्या मापाने शेवटचा "न" जास्तीचा होतो. "अजूनी" केले तर फरक पडत नाही, उलट आणखी एक मात्रा वाढते. "अजूनी" ओळीच्या मध्ये नेऊन सगळी ओळ फिरवली, "एक पाऊल बाकी अजूनी घरी", तर मोजमाप अगदी चोख येते. मी ती ओळ दोन दिवस वागवली. पण रात्री कोणाची तरी वाट पाहणारे माणूस "अजूनी" म्हणत नाही, ते "अजून" म्हणते, आणि त्याचा शेवटचा न अर्धाच उच्चारते. तो अर्धा न मात्रांत मोजण्याचे कारण नव्हते. ताई तो ओठांआड ठेवतात आणि त्यानंतरची क्षणभराची शांतता मला फार आवडते, कारण तिथे खरोखरच कोणीतरी पावलांचा कानोसा घेत आहे असे वाटते.

रिकाम्या जागेचे हे महत्त्व आपल्या जुन्या रचनांनी फार आधी ओळखले होते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे असतात आणि चौथा चारच अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, आणि कान तशाच चौथ्या चरणाची अपेक्षा करत असताना तो लवकर संपतो. उरलेली दोन अक्षरांची जागा ताल भरून काढतो, गाणारा श्वास घेतो, ऐकणाऱ्यापर्यंत शब्द पोहोचतो. मला वाटते, अभंग शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी राहण्यामागे आशयाच्या खोलीइतकाच या आखूड चौथ्या चरणाचाही वाटा आहे. गाण्यात सगळ्या मात्रा शब्दांनी भरून टाकणे म्हणजे ऐकणाऱ्याला बोलूच न देणे.

गाण्याच्या लांबीचेही तसेच. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या ग्रामोफोनच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. त्या मर्यादेत ध्रुवपद आणि दोन-तीन अंतरे बसवायचे तर प्रत्येक अंतऱ्याने काहीतरी काम केलेच पाहिजे. आज कोणी तीन मिनिटांवर थांबवत नाही, पण मी अजून स्वतःला थांबवते. अंतरा काढून टाकल्यावर पुढच्या ध्रुवपदाच्या अर्थात फरक पडत नसेल, तर तो अंतरा कितीही सुंदर असला तरी मी काढून टाकते.

चालीच्या उंचीचा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला. अमेरिकन संगीतकार हॅरल्ड आर्लन यांनी 1939 मध्ये आलेल्या एका चित्रपटातल्या "ओव्हर द रेनबो" या गाण्याची जी चाल बांधली, तिच्या पहिल्याच शब्दाची दोन अक्षरे एकमेकांपासून सप्तकभर दूर आहेत. शब्दाचा अर्थ "कुठेतरी" असा आहे, आणि सूर खरोखरच कुठेतरी दूर, वर उडी घेतो. पुढच्या ओळीत काय म्हटले आहे ते ऐकण्याआधीच त्या उडीतून ओढ कळते. हे उदाहरण माझ्या मित्राला इतके प्रिय आहे की त्याने आमच्या ध्रुवपदालाही आधी तशीच उडी दिली होती. "नको" वर चाल वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या "सा"ला जाऊन भिडत होती. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा ऐकताना काहीतरी चुकते आहे असे वाटले. तिसऱ्यांदा कळले की ही आता दाराशी हळू आवाजात दिलेली सूचना राहिलेली नाही, ती तक्रार झाली आहे. एखाद्याला झोपेतून उठवायचे नसते तेव्हा हे वाक्य जसे म्हटले जाते, तसेच ते गायले जायला हवे होते. मग त्याने "को" मध्य सप्तकातल्या गंधारावरून, म्हणजे "ग"वरून षड्जावर आणून ठेवले. उंची सगळी अंतऱ्यांना दिली. अंतरा वर चढतो, विनवतो, आठवतो, आणि मग ध्रुवपद खाली येऊन तेच साधे वाक्य बोलते. अंतरा जितका वर जातो तितके ते खालचे वाक्य जड होते. चालीतला हा उतार नसता, तर शब्दांनी ते एकट्याने साधले नसते.

दुसरा अंतरा निघून जाणाऱ्या मुलीला उद्देशून आहे.

जा, तुझे ऊन आता, तुझी सावली

यानंतर "दार लोटून घे" येते तेव्हा ते पहिल्या वेळचे राहत नाही. पहिल्या अंतऱ्यानंतर दार आतून लोटायचे होते, आता ते बाहेरून लोटायचे आहे. हा बदल मी कुठेही लिहिलेला नाही आणि लिहिणारही नाही, कारण ऐकणाऱ्याने तो स्वतः करायचा आहे. त्याने केला तर ते गाणे त्याचे होते.

तिसऱ्या अंतऱ्यात आजारी माणूस अंथरुणावर आहे आणि उशाशी बसलेल्या माणसाला जाऊन झोपायला सांगते आहे. पहिल्या मसुद्यात मी येऊ घातलेल्या मृत्यूसाठी "शेवटचा पाहुणा" असा शब्दप्रयोग केला होता. तो अनेकांनी अनेकदा वापरलेला आहे हे एक कारण होतेच. पण खरे कारण असे, की त्याने ध्रुवपदाचे काम आधीच करून टाकले. पाहुणा येणार हे सांगून झाल्यावर "कडी लावू नको" म्हणण्यात उरते काय? मग मी ती ओळ खोडली, आणि बरेच दिवस तिथे काही लिहिले नाही. शेवटी आली ती ही:

झोप आता, मला जाग आहे तशी

यात मृत्यू नाही, उपमा नाही, दुःखाचा शब्दसुद्धा नाही. "तशी" हा शब्द मात्र मला फार जवळचा वाटतो. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून माणसे जो सूर लावतात, तो त्या एका शब्दात आहे. यानंतर ताई ध्रुवपद गातात तेव्हा कोण येणार आहे हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यांना कळते. पहिल्यांदा त्यांनी ते सलग गाऊन दाखवले तेव्हा तबला थांबल्यावरही आम्ही तिघे काही वेळ काहीच बोललो नाही.

गाणे अजून पूर्ण झालेले नाही. दुसऱ्या अंतऱ्याची क्रॉस लाइन, म्हणजे अंतऱ्यातून ध्रुवपदाकडे परत नेणारी ओळ, मला मिळत नाही. मी तिथे "परत यावे असे वाटले जर कधी" असे लिहून पाहिले. मात्रा बरोबर आहेत, बोलण्यातली आहे, पण पाहुण्याच्या ओळीचा दोष तिच्यातही आहे. ध्रुवपद जे न बोलता सांगणार आहे तेच ती आधी बोलून टाकते. म्हणून ती जागा सध्या डमी शब्दांवर चालू आहे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांना "येस्टरडे"ची चाल आधी सुचली होती आणि खरे शब्द सापडेपर्यंत ते तिच्यावर अंड्यांविषयीचे भलतेच शब्द म्हणत असत. चाल धरून ठेवण्यासाठी अनेक संगीतकार असे काहीतरी म्हणतात. तालमीत ती ओळ आली की माझा मित्र समोर दिसेल ते मीटरमध्ये बसवून गातो, आणि गेले तीन आठवडे तो गातो आहे:

काल होता इथे, आज चष्मा कुठे

परवा ताईंनी तीच ओळ पूर्ण गांभीर्याने, वरच्या सुरावरून खाली उतरत गायली आणि तिच्यामागून "दार लोटून घे" आले. चष्मा अर्थातच जाईल. पण त्या ओळीचा पहिला अर्धा भाग, "काल होता इथे", वहीत त्या रिकाम्या जागेसमोर मी पेन्सिलने लिहून ठेवला आहे, आणि मुलगी निघून गेल्यावर घरात काल काय होते आणि आज काय नाही, याचा विचार परवापासून करते आहे.